उरलेल्यांचा ड्रॅगन

फोन आईच्या मोबाईलवर आला, पण नंबर दादाचा. दादा गेला तेव्हा मी तो नंबर बंद करायला निघाले होते. आई म्हणाली, "राहू दे. कुणाचं काही काम निघालं तर?" तेव्हापासून दादाचं सिम आईच्या बटणांच्या फोनमध्ये आहे आणि त्यावर जाहिरातींशिवाय कुणाचंच काही काम निघत नाही.

त्या दिवशी मात्र पलीकडून एका बाईचा जाड आवाज आला. वाऱ्यात उभं राहून बोलावं तसा.

"मिलिंद हाय काय? मी चौकवरून बोलते. विल्सनची आई."

"मी मिलिंदची बहीण बोलतेय, आंटी."

"अगो, तू! तोंडाला राख फासून पळायचीस, तीच ना? बरा झाला तूच भेटलीस. मिलिंदला सांग, आमचा घर पाडतात आता. त्याचा तो जनावर अजून माळ्यावर हाय. नेतो म्हणाला होता, नेला न्हाय. आणि अंकल कोणाला हात लावू देत न्हाय. त्याला म्हणावं, येऊन घेऊन जा."

मी "हो आंटी" एवढंच म्हणाले. दादा आता येणार नाही, हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. आईनं विचारलं, कुणाचा होता? म्हटलं, चौकचा. विल्सनच्या घरचा. आई शेंगा सोलत होती, ती सोलतच राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "तो पंखांचा प्राणी का?"

मी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. सकाळी उपाशीपोटी माझी वाट बघत बसलेली माणसं, त्यांचे दंड, त्यांच्या हरवलेल्या शिरा. जिने चढउतार करून घरी येते तेव्हा पायांत काही शिल्लक नसतं. रविवारी मी शक्यतो उठतच नाही. पण त्या रविवारी उठले आणि भाईंदर पश्चिमेहून चौकची, म्हणजे उत्तनपुढच्या त्या शेवटच्या कोळीवाड्याची, बस धरली.

मुर्धा, राई, मोर्वा. गावांची नावं कंडक्टरच्या आधी ओठांवर यायला लागली. इथं पूर्वी रस्त्याच्या कडेनं मिठागरांचं पाणी चमकायचं, चौकोन चौकोन, जणू कुणी आरसे वाळत घातलेत. अजूनही चमकतं, पण मधेमधे पत्र्याची कुंपणं आलीत आणि कुंपणावर हसऱ्या कुटुंबांची चित्रं. डोंगरी मागे पडली की हवा बदलते. मग उत्तन, आणि उत्तनच्या आधीच तो वास. बांबूंवर ओळीनं टांगलेल्या बोंबलांचा, उन्हात अर्धवट वाळलेल्या समुद्राचा. बसमधल्या एका मुलीनं नाकाला ओढणी लावली. मी खिडकी आणखी उघडली.

हा वास आला की दादा म्हणायचा, "बारके, हा वास कॅमेऱ्यात घेता आला असता तर डायलॉग लिहावेच लागले नसते."

आम्ही वरळीच्या सरकारी क्वार्टरमधून सिल्व्हर पार्कला राहायला आलो तेव्हा मीरा रोड अर्धंच झालेलं होतं. म्हणजे निम्म्या इमारतींत माणसं आणि निम्म्या इमारतींत कबुतरं. आमच्या खिडकीतून एक सांगाडा दिसायचा: नुसते खांब, नुसते जिने, वर गंजलेल्या सळया आभाळात घुसलेल्या. वाऱ्यात त्या सळयांवरचं प्लास्टिक फडफडायचं. पप्पा नोकरीवर गेले, आई कामाला गेली की दादा त्या सांगाड्याकडे बघत बसायचा. इतरांना तिथं बिल्डरनं सोडून दिलेलं काम दिसायचं. दादाला जग संपल्यानंतरचं जग दिसायचं.

त्याला कारण सीडीचं दुकान. नया नगरच्या एका गल्लीत बेकरीला लागून ते होतं, त्यामुळे तिथल्या सीड्यांच्या कव्हरांना कायम खारीचा वास असायचा. दादा तिथून जगबुडीचे सिनेमे आणायचा. हिंदीत डब केलेले. त्यात एक ड्रॅगनांचा होता. आभाळातून ड्रॅगन येतात, शहरं जाळून टाकतात, आणि मूठभर माणसं कुठंतरी तळघरात राहून, एकमेकांचे अंगरखे शिवत, पुन्हा लढायला निघतात. आवाज एकाचा, ओठ दुसऱ्याचे. ती सीडी आमच्याकडे इतक्या वेळा आली की ठरावीक जागी अडकायची. नायक भाला उगारायचा आणि तसाच थांबायचा. दादा उठून प्लेअरवर चापट मारायचा, मग भाला सुटायचा.

"जग संपतं तेव्हा आपण कुठे असतो?" एकदा सीडी अडकलेली असताना तो म्हणाला. "नेहमी त्यांचीच शहरं जळतात. मीरा रोड जळताना कुणी दाखवलंय?"

"आपल्याकडे जळायला काय आहे?" मी म्हटलं.

"तेच ना. आपल्याकडे सेट लावायची गरजच नाही."

तो तेव्हा भाईंदरच्या एका फोटो स्टुडिओत लग्नांच्या व्हिडिओंचं काम करायचा. वरात, सप्तपदी, पाठवणी कापायची, जोडायची, त्यावर गुलाबाच्या पाकळ्या पाडायच्या. लग्नांचा मोसम संपला की स्टुडिओचे शेठ गावी जायचे आणि हॅंडीकॅम दादाकडे राहायचा. त्या उन्हाळ्यात मोसम लवकर आटोपला आणि दादानं ठरवलं, आपण ड्रॅगनांचा सिनेमा काढायचा. नाव ठेवलं 'उरलेले'.

उरलेले आम्ही चौघं. दादा, मी, माझ्या कॉलेजातली शाहीन आणि दादाचा मित्र विल्सन. शाहीन नया नगरची. तिच्या अम्मीच्या शिवणयंत्रावर ती काहीही शिवू शकायची. विल्सन चौकचा, कोळ्याचा. त्याच्या वडलांची, लॉरेन्स अंकलची, स्वतःची बोट होती. दादानं प्रत्येकाला आपापलं काम सांगितलं तेव्हा शाहीननं विचारलं, "और मरता कौन है?"

"सगळेच आधी मेलेत," दादा म्हणाला. "आपण उरलोय. आपण मरायचं नाही."

"फिर करना क्या है?"

"लढायचं. थकायचं. परत लढायचं."

आज हे लिहिताना कळतं की त्यानं आम्हाला सिनेमाची गोष्ट सांगितलीच नव्हती. आम्हीही विचारली नाही. त्या वयात थकणं हीसुद्धा करून बघायची एक गोष्ट वाटते.

पहाटेच्या उजेडात आम्ही मिठागरावर जायचो. मिठाच्या राशी म्हणजे हाडांचे ढीग, असं दादानं ठरवलं होतं. आम्ही मिठाच्या रिकाम्या गोण्यांना भोकं पाडून त्या अंगात घालायचो. तोंडाला फासायला बेकरीच्या भट्टीतली राख. ती राख अजून कोमट असायची आणि तिला पावाचा वास असायचा. जगाच्या शेवटी आम्हाला सतत भूक लागायची. मिठागरावर काम करणारे आगरी बाप्ये हातातली मीठ ओढायची फळी थांबवून बघायचे. एकानं विचारलं, "काय चाललाय ह्यो?" विल्सननं सांगितलं, "ड्रॅगन येनार हाय." तो माणूस आभाळाकडे बघून म्हणाला, "येऊ दे. आमचा काय न्हेतोय," आणि पुन्हा फळी ओढायला लागला. दादानं ते चित्रित केलं होतं. म्हणायचा, अख्ख्या सिनेमात खरा डायलॉग तो एकच.

ड्रॅगन मात्र चौकला घडला, विल्सनच्या अंगणात. सांगाडा बांबूचा, वर लॉरेन्स अंकलची जुनी जाळी, जाळीवर निळी ताडपत्री आणि जयंतीच्या मंडपाचं उरलेलं कापड. मानेवर शाहीननं रेक्झिनचे तुकडे खवल्यांसारखे एकावर एक शिवले. सुई रेक्झिनमध्ये मोडायची. ती मोडलेली सुई दोन बोटांत धरून शाहीन म्हणायची, "ये जानवर मेरा खून पी रहा है," आणि दुसरी ओवायची. डोळ्यांना रिक्षाच्या मागच्या दिव्यांची लाल काचेसारखी झाकणं. जबडा उघडायचा आणि मिटायचा, कारण त्यात विल्सननं खिडकीची जुनी बिजागरी बसवली होती. ती करकरायची. दादानं ती करकर रेकॉर्ड केली, मग बोटीचं इंजिन सुरू होतानाचा ठसका रेकॉर्ड केला, स्टुडिओत दोन्ही एकत्र करून सावकाश चालवलं, आणि त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा आमच्या ड्रॅगनचा आवाज ऐकला. शाहीननं माझा हात घट्ट धरला होता. आवाज बंद झाला तरी तिनं तो सोडला नाही.

विल्सनची आई, व्हेरोनिका आंटी, सुरुवातीपासून रागात होती. तिच्या घरात वेदीवर एक चित्र होतं: पंखांचा देवदूत, हातात भाला, पायाखाली वळवळणारा असुर. ती आम्हाला एकदा त्या चित्रापुढे घेऊन गेली.

"बघितलास? ह्याला मारायला देवाचा दूत लागला. आणि तुम्ही त्याला माझ्या दारात उभा करता?"

दादा चित्राकडे बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "आंटी, आम्ही पण मारायलाच उभा केलाय. शेवटच्या सीनला जाळणार आहे."

"शपथ घे."

"शपथ."

तेव्हा कुठे तिनं आम्हाला जेवायला वाढलं. भात आणि सुकटीचं कालवण. अंगणात एका बाजूला आम्ही आणि एका बाजूला तो, जबडा उघडा, वाऱ्यानं पंख हलताहेत. मांजरं आधी त्याच्यापासून लांब राहायची, मग त्याच्या पोटाखाली झोपायला लागली.

शेवटच्या सीनची कल्पना लॉरेन्स अंकलची. ते कमी बोलणारे, खांद्यांनी रुंद. दादा ड्रॅगन उडवायचा कसा म्हणून दोऱ्या, कप्प्या, झाडं असं काहीबाही मांडत होता. अंकल जाळं शिवताशिवता म्हणाले, "उडवतोस कशाला? दर्यातून आन. डोलकाठीवर चढव, मी आनतो."

आणि त्यांनी आणला. संध्याकाळची भरती होती. सगळा चौक किनाऱ्यावर जमला होता. बाया मासळीच्या टोपल्या बाजूला ठेवून उभ्या, म्हातारे बोटींच्या सावलीत. खाडीपलीकडे वसईचा किनारा धुरकट. आणि त्या धुरकटातून अंकलची बोट आली. डोलकाठीवर तो, निळे पंख दोन्ही अंगांना ताणलेले, मागून सूर्य, त्यामुळे जाळीतून उजेडाचे तुकडे पाण्यावर पडत होते. इंजिनाचा आवाज त्याचा स्वतःचाच वाटत होता. आम्ही चौघांनी त्याला घडवलं होतं, त्याची करकरणारी बिजागरी आम्हाला ठाऊक होती. तरी मी मागे सरले. शाहीन रडायला लागली. किनाऱ्यावरच्या एका म्हातारीनं छातीवर क्रूस काढला. विल्सन कॅमेरा धरून गुडघाभर पाण्यात उभा होता आणि स्वतःशीच पुटपुटत होता, "पप्पा, जरा हळू, पप्पा, जरा हळू."

आम्ही लढलो. भाले घेऊन पाण्यात शिरलो, पडलो, उठलो, गोण्या भिजून जड झाल्या. अंकल बोट पुढे घ्यायचे, मागे घ्यायचे, डोलकाठी झुकायची आणि तो आमच्यावर झडप घालायचा. कुणी किंकाळी फोडायची, कुणी फोडायची नाही, काही ठरलेलं नव्हतं. मी इतकी ओरडले की पुढे आठवडाभर मला बोलता येत नव्हतं. कशासाठी ओरडत होते ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. आयुष्यात नंतर ओरडण्यासारखं पुष्कळ झालं, पण तसा आवाज पुन्हा निघाला नाही.

मग त्याला वाळूवर उतरवलं. दादानं मशाल पेटवली. रॉकेलचा वास, ओल्या काथ्याचा वास. व्हेरोनिका आंटी सगळ्यांत पुढे येऊन उभी राहिली. दादा मशाल घेऊन ड्रॅगनच्या तोंडाशी गेला. तो तिथं उभा राहिला, राहिला, राहिला. मशालीचे थेंब वाळूत पडत होते. मग त्यानं मशाल उलटी करून ओल्या वाळूत खुपसली.

"लाईट गेला," तो आम्हाला म्हणाला. "आज नको. परत येऊ."

लाईट गेला नव्हता. पश्चिमेला अजून सगळं आभाळ लाल होतं. पण शपथेची आठवण कुणी काढली नाही. आंटीनंसुद्धा नाही. अंकल पुढे आले, त्यांनी एका बाजूनं उचललं, दादानं दुसऱ्या, आणि दोघांनी मिळून त्याला घरी नेऊन माळ्यावर चढवलं. जाताना दादा म्हणाला, "अंकल, येतो परत, आग लावायला." अंकल म्हणाले, "ये. मी ठेवतो."

परत जाणं झालं नाही. आधी पाऊस लागला. मग शेठ गावाहून आले आणि लग्नं सुरू झाली. आमच्या टेपा स्टुडिओतल्याच कपाटात होत्या, त्यांच्यावर नाव घालायचं राहून गेलं होतं. गर्दीच्या मोसमात कुणीतरी त्या कोऱ्या समजून वापरल्या. दादा एकदा घरी येऊन जेवला, ताट धुतलं, आणि हात पुसतापुसता मला म्हणाला, "बारके, 'उरलेले'वर कुणाचीतरी वरात चढली." एवढंच. त्या वरातीचा व्हिडिओ त्यालाच कापायला लागला. शेवटी पाकळ्यासुद्धा त्यानंच पाडल्या.

शाहीनचं लग्न झालं. ती नया नगरमध्येच राहिली, पण दोन गल्ल्या पलीकडे, आणि दोन गल्ल्या कधीकधी फार लांब असतात. विल्सन जहाजावर लागला. सांगाड्याची इमारत पूर्ण झाली, तिला गुलाबी रंग लागला, गॅलऱ्यांत कपडे वाळायला लागले. पप्पा गेले. दादानं लग्न केलं नाही, लग्नंच काढत राहिला. मग लोक मोबाईलवर स्वतःची लग्नं स्वतः काढायला लागले तेव्हा तेही सुटलं. मग त्याची किडनी. मशीनवर जायचे वार, पाण्याचे मोजके घोट, सुजलेले पाय.

त्याचं रक्त मीच काढायची. दुसऱ्या कुणाला तो हात देत नसे. एकदा शीर सापडत नव्हती, मी बोटानं चाचपत होते, तेव्हा सहज विचारलं, "दादा, 'उरलेले'चा शेवट काय ठरवला होतास रे? जळाल्यानंतर?"

तो हसला. "काही ठरवला नव्हता."

"तू तर म्हणायचास डोक्यात पक्का आहे."

"सगळ्यांना असंच सांगायचं असतं. नाहीतर कोण येतंय पाण्यात शिरायला?" मग म्हणाला, "तो जळल्यावर आपण काय करायचं, तेच मला सुचत नव्हतं. चौघं उभे, समोर राख. मग काय? घरी जायचं?" शीर सापडली. तो खिडकीकडे बघत होता. गुलाबी इमारतीच्या पलीकडे काही दिसत नव्हतं.

चौक आलं. बस शेवटच्या थांब्यावर वळली. घर सापडायला विचारावं लागलं नाही, कारण त्याचं निम्मं छप्पर उतरवलेलं होतं आणि कौलं अंगणात रचून ठेवलेली होती. व्हेरोनिका आंटी वाकलीय, पण आवाज तोच. माझ्या मागे बघून म्हणाली, "मिलिंद खंय? मागून येतो काय?"

लॉरेन्स अंकल ओटीवर प्लास्टिकच्या खुर्चीत होते. खांदे उतरलेले, हात अजून मोठे. मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि सांगितलं. दादा गेला. आजारी होता. होऊन गेलं आता बरंच.

आंटीनं तोंडावर हात ठेवला, मग क्रूस काढला. अंकल समुद्राकडेच बघत होते. किनाऱ्यावरून लाटेचा आवाज येत राहिला. मला वाटलं, त्यांना कळलं नसावं. मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं.

"मशाल पुढं जात न्हवती त्याची," अंकल म्हणाले. "त्या दिवशी. मी बघितला. तवाच मला कळला, ह्यो जाळनार न्हाय."

"मग इतकी वर्षं ठेवलात कशाला, अंकल?"

"येतो म्हणाला ना." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी काहीतरी विचित्र विचारलंय. "बोट विकली तवा लोक बोलले, हा कचरा पन दे. न्हाय दिला. येतो म्हणाला, तर ठेवायला नको?"

आंटी सांगायला लागली, मोडक्या आवाजात, भांडल्यासारखं. एका वादळात छप्पर उडालं तेव्हा त्याच्या पंखांची ताडपत्री तिनंच काढून मासळीवर टाकली. बांबूंना कीड लागली. जाळी चांगली होती, ती विल्सनच्या काकानं नेली. "पन तोंडाला हात लावू देत न्हाय हो हा मानूस. विल्सनचा फोन येतो तवा पन सांगतो, तो हाय, बरा हाय. पोराला आपली तब्येत सांगत न्हाय, त्याची सांगतो." मग माळ्याकडे बघून म्हणाली, "मी शपथ घेतली होती त्याच्याकडून. जाळीन म्हणून. उगाच घेतली."

माळ्यावरून तो शेजारच्या दोघांनी उतरवला. राहिलं होतं ते डोकं आणि मानेचा थोडा भाग. एक डोळा धड, एकाला तडा. खवल्यांचा रंग उडालेला. जबडा गंजून अर्धा उघडा राहिलेला. मला वाटलं होतं, बघितल्यावर मला काहीतरी फार मोठं वाटेल. तसं काही झालं नाही. एखाद्या म्हाताऱ्या नातेवाइकाला स्टेशनवर घ्यायला गेल्यासारखं वाटलं: बरं, आता ह्यांना घरी कसं न्यायचं?

आंटीनं चहा दिला. निघताना वर्तमानपत्रात बांधलेले बोंबील दिले. "आईला दे. सांग, तुझा पोरगा आमच्या घरात जेवलाय." अंकल खुर्चीतून उठले, भिंतीला धरून पायरीपर्यंत आले. त्यांनी ड्रॅगनच्या मानेवर थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारतात तशी. मग आत गेले.

बसवाल्यानं घेतलं नाही. रिक्षा करावी लागली. आत मी, माझ्या मांडीवर मान, आणि डोकं एका बाजूनं बाहेर. रिक्षावाल्यानं दोनदा वळून पाहिलं.

"मॅडम, ये क्या है? पिक्चर का है क्या?"

"हाँ."

"कौन सा पिक्चर?"

"आया नहीं।"

"आएगा, आएगा," तो म्हणाला, मला धीर द्यावा तसा. उत्तन, डोंगरी, राई, सगळीकडे लोक बघत होते. भाईंदरला रहदारीत थांबलो तेव्हा शेजारच्या टेम्पोतल्या माणसानं त्याच्या जबड्यात हात घालून ओरडल्याचं सोंग केलं आणि त्याचे साथीदार हसले. मला हसू आलं नाही, रागही आला नाही. बोंबलांचा वास येत होता. रेक्झिन तापून माझ्या हाताला चिकटत होतं.

शाहीनला मी वाटेतून फोन केला होता. ती नया नगरच्या तोंडाशी रस्त्यावर उभी होती, चष्मा लावलेली, हातात दुधाच्या पिशव्या. दादाचं तिला माहीत होतं. तेव्हा ती येऊन आईजवळ बसून गेली होती. रिक्षा थांबली. तिनं दुधाच्या पिशव्या एका हातात घेतल्या. आत वाकली आणि बोटांनी मानेवरची शिवण चाचपत गेली, एका खवल्यावरून दुसऱ्या खवल्यावर, अगदी टोकापर्यंत.

"पकड़ी है," ती म्हणाली. "देख, अब तक पकड़ी है।" मग डोळे पुसून, "जा. अम्मा राह देख रही होंगी।" दुधाच्या पिशव्या सांभाळत ती गर्दीत गेली.

आमच्या इमारतीची लिफ्ट अरुंद. वॉचमननं मदत केली, आम्ही दोघांनी त्याला तिरकं करून आत घातलं. दार आईनंच उघडलं. आईनं कधी शूटिंग पाहिलं नव्हतं. ती तेव्हा दिवसभर एका कंपनीत औषधांच्या पाकिटांवर लेबलं लावायची. आम्ही घरी यायचो तेव्हा राख धुऊन, वाळू झटकून. सिनेमा तर कुणीच पाहिला नाही.

ती दारात उभी राहून त्याच्याकडे बघत राहिली. मग बाजूला झाली. "आत घे. असं दारात नको ठेवू."

दिवाणावर ठेवला. आईनं दिवा लावला, चष्मा शोधला, आणि त्याच्यासमोर बसली. पदराचं टोक ओलं करून तिनं आधी तडा गेलेला डोळा पुसला, मग दुसरा. वर्षानुवर्षांची काजळी पदरावर उतरत गेली. जबड्याच्या आत बांबूवर दादाच्या हातची पेन्सिलची खूण होती, कापायची जागा दाखवणारी नुसती एक रेघ. आईचं बोट तिथं थांबलं. तिनं ती रेघ पुसली नाही.

"ह्यालाच मारायचं होतं ना तुम्हाला?" तिनं विचारलं.

"हो."

"मग? मारलं का शेवटी?"

"नाही. दादाला जमलं नाही."

आईनं ओला पदर पिळला, झटकला, पुन्हा घडी केली.

"बरं झालं," ती म्हणाली. "पाय धू जा तू. भात टाकलाय."